लाल शाई आणि फुगेवाला

मुलांनो, परवा तिसरीच्या निबंधाच्या वह्या तपासत होते. विषय होता ‘माझे मित्र’. एका मुलाने दोन मित्रांची नावं एकाच शिरोरेषेखाली लिहून टाकली होती: ‘राजूआणिपप्पू’. मी सवयीने लाल शाईच्या रेघा मारल्या, ‘शब्दांत अंतर ठेव’ असा शेरा दिला आणि अर्धा गुण कापला.

रात्री एक कविता आठवली, आणि मी ओशाळले.

ती ई. ई. कमिंग्ज या अमेरिकन कवीची. त्याचा जन्म १८९४ सालचा, बोस्टनजवळच्या केंब्रिज गावातला. कविता १९२० मध्ये ‘द डायल’ मासिकात छापून आली. तिकडचा वसंत आपल्यासारखा नाही हं! आपल्याकडे चैत्रात ऊन तापतं, कैऱ्या लागतात. तिकडे हिवाळाभर साठलेला बर्फ वितळतो आणि जिकडेतिकडे चिखल, डबकीच डबकी. आपली पहिल्या पावसातली मजा तिथली मुलं वसंतात करतात, असं समजा ना.

कवितेत घडतं एवढंच: फुगेवाला शिटी वाजवत येतो. मुलगे गोट्या आणि चाचेगिरीचा खेळ टाकून धावतात, मुली ठिक्कर आणि दोरीच्या उड्या सोडून नाचत येतात. पण ती छापलीय कशी, ते बघा. दोन मुलग्यांची नावं ‘आणि’सकट सलग जोडलेली. दोन मुलींचीही तशीच! तुम्ही गल्लीतल्या जोडीला हाक मारता, तेव्हा मध्ये थांबता का?

शिटीपाशी मात्र बरोबर उलटं. तिथे शब्दाशब्दांत ऐसपैस मोकळी जागा. शिटी लांबून येते, म्हणून डोळ्यांनाही तेवढं अंतर चालावं लागतं. ती तीनदा वाजते, आणि शेवटच्या वेळी तर एकेक शब्द एकेका ओळीवर एकटा उरतो. पूर्णविराम कुठेच नाही. धापा टाकत गोष्ट सांगणारं मूल कुठे पूर्णविराम देतं?

फुगेवालाही बदलत जातो. आधी लंगडा, मग विचित्र म्हातारा, शेवटी चक्क बोकडाच्या पायांचा! ग्रीक कथांमधला पावा वाजवणारा रानदेव पॅन असाच असतो. तो मुलांना खेळातून उठवून कुठे नेतोय, हे कवी सांगत नाही. मला दर वेळी इथे हुरहूर लागते. ही मुलं आता मोठी होणार, असं वाटतं.

पालकांनो, ही कविता दाखवाल तेव्हा आधी नुसता कागद बघू द्या. अर्थ मागून सांगा.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला जवळ बोलावलं.

‘‘असं का रे जोडून लिहिलंस?’’

‘‘बाई, ते एकत्रच असतात ना!’’

अर्धा गुण परत दिला. शेरा मात्र खोडला नाही. परीक्षेत अंतर लागतंच.