पासिंग रिक्षाला, मोकळीक ट्रॉलीला

सक्तीच्या तपासणीने गाड्या रस्त्यावर धावण्यालायक राहतात का, हा प्रश्न बीड जिल्ह्यात विचारायचा तर आधी तपासणी कोणाची होते हे पाहावे लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ नुसार माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ती पासिंगला न्यावी लागते. म्हणजे रिक्षा, काळी-पिवळी, टेम्पो, परळीच्या औष्णिक केंद्राची राख वाहणारे टिपर, हे सगळे बीड किंवा अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयाच्या दारात येतात. खासगी मोटारीला पहिली पंधरा वर्षे कोणी विचारत नाही. आणि दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत माजलगाव, तेलगाव, गेवराईकडचे रस्ते व्यापून टाकणारा उसाचा ट्रॅक्टर? केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या व्याख्येत शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन आहे. त्यामुळे दरवर्षीच्या पासिंगचा फेरा त्याला लागू होत नाही.

तपासण्यांचा उपयोगच काय, असे म्हणणाऱ्यांकडे पुरावा नाही असे नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने २०१० मध्ये खासगी मोटारींची सुरक्षा तपासणी बंद केली. त्यानंतर अपघाती मृत्यू वाढल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. टेक्सासनेही १ जानेवारी २०२५ पासून खासगी मोटारींची अशी तपासणी थांबवली. नॉर्वेतल्या एका अभ्यासात तपासणीमुळे गाड्यांमधले दोष कमी झाले, पण अपघात कमी झाल्याचे दाखवता आले नाही. आपल्याकडची आकडेवारीही त्यांच्या बाजूने मांडली जाते: २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. दोष चालकाचा, यंत्राचा नाही, असा याचा अर्थ काढतात. मला तो पटत नाही. वेग आणि ब्रेक यांचा हिशेब वेगळा करताच येत नाही. ज्या वेगात चांगल्या ब्रेकची गाडी वेळेत थांबते, त्याच वेगात लायनर झिजलेली गाडी समोरच्याला चिरडते. अंधारात दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळली, तर नोंद दुचाकीच्या वेगाची होऊ शकते. शिवाय टेक्सासनेही व्यापारी वाहनांची तपासणी सोडलेली नाही. परदेशातल्या या पुराव्यातून निघते ते एवढेच, की नव्या, निगा राखलेल्या खासगी मोटारी तपासून फारसे काही हाती लागत नाही.

जी तपासणी होते, ती तरी खरी असते का? पुण्यातल्या एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की ब्रेक तपासायला २५० मीटरचा स्वतंत्र मार्ग हवा आणि तो नसेल तिथे प्रमाणपत्रे देऊ नका. ब्रेक चालवून पाहिल्याशिवाय गाडी पास करू नये, एवढी साधी गोष्ट न्यायालयाच्या आदेशाने घडवावी लागली. आता सरकारने स्वयंचलित चाचणी केंद्रांचा मार्ग निवडला आहे. तिथे रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक यंत्र मोजते, निरीक्षकाच्या नजरेवर भिस्त राहत नाही. दिशा बरोबर आहे, पण जड वाहनांना ही केंद्रे सक्तीची करण्याची एप्रिल २०२३ ची मुदत ऑक्टोबर २०२४ पर्यंत ढकलली गेली. आणि यंत्र कितीही चोख असले तरी ते वर्षातला एक दिवस पाहते. पासिंगपुरते चांगले टायर लावायचे आणि परत आल्यावर गुळगुळीत झालेले पुन्हा चढवायचे, हा प्रकार वाहतूक धंद्यातल्या कोणालाच नवा नाही. त्यात दिवसाला ५० रुपयांचे विलंब शुल्क लावले, तेव्हा ज्यांची गाडी सर्वांत खराब आणि खिसा सर्वांत रिकामा, तेच रिक्षावाले कार्यालयापासून आणखी लांब गेले.

उसाच्या गाडीकडे जवळून पाहावे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत पंधरा-वीस टन माल. ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर आणि मधल्या हुकातल्या एका पिनेवर. ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर लोंबतो. मागे दिवा असलाच तर तो वाढ्यांखाली झाकलेला, रेडियमची पट्टी सोललेली किंवा चिखलाने माखलेली. पंक्चर झाले की चाकामागे दगड लावून ट्रॉली रात्रभर तिथेच उभी, आणि चाक बसल्यावर दगड रस्त्यावर तसेच.

या गाडीला परिवहन कार्यालयात बोलावण्याची गरज नाही, कारण ती रोज न चुकता एका जागी जाते. कारखान्याचा वजनकाटा चुकवून एकही खेप गव्हाणीत पडत नाही. कोणाच्या करारातली गाडी कोणती, कोणाला किती उचल दिली, हे शेतकी विभागाला ठाऊक असते. तिथेच भरून आलेल्या गाडीचा मागचा दिवा, रेडियम आणि हुकाची पिन पाहावी. नसेल तर ते बसवल्याशिवाय पुढच्या खेपेचा नंबर देऊ नये. काट्यावर रांगा वाढतील, ही तक्रार येईल. पण या तीन गोष्टी पाहायला वजन होण्याइतकाही वेळ लागत नाही. ट्रॅक्टरवाला आधीच कर्जात आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो बाजूला सारू नये. म्हणूनच पट्टी आणि दिव्यांचा खर्च कारखान्याने करावा, ट्रॉलीच्या ब्रेकसाठी उचलीतच वेगळी रक्कम धरावी. गाडी ठेकेदाराची, आमची नाही, असे म्हणून कारखान्याला हात झटकता येणार नाहीत. ऊस त्याच्याच गव्हाणीत पडतो. आणि या ट्रॉल्यांच्या मागेपुढे याच जिल्ह्यातले ऊसतोड मजूर बायकापोरांसह प्रवास करतात.

शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, थकवणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना साखर आयुक्त अडवू शकतात. येत्या हंगामाच्या परवान्यात काट्यावरच्या या तपासणीची अट त्यांनी घालावी, आणि पहिल्या आठवड्यात ती पाळली जाते का हे पाहायला बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परिवहन कार्यालयाचे निरीक्षक प्रत्येक कारखान्याच्या काट्यावर पाठवावेत.