आरशाकडे पाठ

१९६९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ज्युडी शेपर्ड मिसेट ही तरुण नर्तकी जॅझ नृत्य शिकवत असे. तिच्या वर्गातून बायका एकेक करून गळू लागल्या. विचारपूस केल्यावर कळले, की त्यांना नर्तकी व्हायचेच नव्हते. नर्तकीसारखा बांधा तेवढा हवा होता. मिसेटने मग पदन्यास सोपे केले आणि बायकांना आरशाकडे पाठ करून उभे केले. यातूनच 'जॅझरसाइज' जन्माला आले.

या दोहोंपैकी दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो भरभर चालूनही होतो. नाचात त्याखेरीज दिशा बदलावी लागते, तोल सावरावा लागतो, पुढचे पाऊल आठवावे लागते. न्यूयॉर्कमधील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात नियमित नाचणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. अर्थात, मुळात धडधाकट असणारेच नाचत असतील, हीही शक्यता उरतेच. तेव्हा या आकड्यांवर फार भार टाकू नये.

माझा मुद्दा साधा आहे. व्यायाम सुटतो तो बहुधा कंटाळ्याने किंवा संकोचाने. कंटाळ्यावर संगीत हा उतारा आहे. संकोचाचे काय?

माझ्या आईने साठीनंतर असा एक वर्ग लावला आणि पंधरा दिवसांत सोडला. गुडघे कुरकुरत नव्हते, दमही लागत नव्हता. "समोरच्या आरशात मी एकटीच चुकताना दिसते गं," एवढेच ती म्हणाली. हीच बाई मंगळागौरीला पहाटेपर्यंत झिम्मा-फुगडी खेळलेली. तिथे आरसा नव्हता. हात धरणारी जोडीदारीण होती, आणि चुकले तर हसणे दोघींचे असे.

आज भिंतभर आरसे आहेत, शिवाय मोबाइलचे कॅमेरे. चूक सुधारायला आरसा लागतो, हे मान्य. पण तिथे येणाऱ्या बहुतेकींना रंगमंचावर जायचे नसते, पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे असते. शिक्षकांनी निदान पहिला महिनाभर तरी आरशावर पडदा ओढावा. माझी आई कदाचित परत जाईल.