तिरानात मेंढपाळ, मुंबईत राजदूत

कार्डिनल इव्हान डायस यांच्याबद्दल मराठीत कुणी बोललंच, तर एक वाक्य हमखास येतं: आपल्या वांद्र्याचा माणूस २००५ साली पोप होता होता राहिला. पाठोपाठ त्यांनी काम केलेल्या देशांची यादी येते, त्यांना येणाऱ्या भाषांचं कौतुक होतं आणि विषय संपतो. या अभिमानाशी मला भांडायचं आहे. डायस कर्तबगार होते, त्याबद्दल वाद नाही. वाद पट्टीबद्दल आहे. ही पट्टी रोममध्ये बनलेली आहे आणि आपण ती न तपासता वापरतो. कल्याणच्या पुढे गाडी फुटते तिथे, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या बाजूला उभं राहून हीच कारकीर्द मोजली, तर आकडे वेगळे येतात.

आधी कारकीर्द. जन्म १४ एप्रिल १९३६, वांद्रे. घराणं मूळ गोव्याचं. डिसेंबर १९५८ मध्ये मुंबईत धर्मगुरू झाले. १९६१ साली रोमला गेले, पोपचे राजदूत जिथे घडवले जातात त्या अकादमीत. १९६४ मध्ये सहावे पॉल मुंबईला आले, त्या दौऱ्याच्या तयारीत ते होते. मग स्कँडिनेव्हियातले देश, इंडोनेशिया, मादागास्कर. १९७३ पासून नऊ वर्षं व्हॅटिकनच्या सचिवालयात. सोव्हिएत गट, चीन, व्हिएतनाम असली अवघड टेबलं त्यांच्याकडे. १९८२ साली आर्चबिशपपद मिळालं, पण कुठल्याही खऱ्या धर्मप्रांताचं नव्हे. राजदूताला दर्जा असावा म्हणून एखाद्या केव्हाच नाहीशा झालेल्या प्राचीन गावाचं नाव देतात, तसं. घाना, टोगो, बेनिन. मग दक्षिण कोरिया. मग १९९१ साली अल्बानिया. बदलापूर म्हणजे घोडे बदलण्याची जागा, अशी एक व्युत्पत्ती आमच्याकडे सांगतात. राजनैतिक सेवेतल्या धर्मगुरूला असली बदलापुरं दर चार-पाच वर्षांनी लागतात.

अल्बानियापाशी मात्र थांबायला हवं, कारण माझा सगळा मुद्दा तिथून निघतो. एन्व्हर होजाच्या राजवटीने १९६७ साली देश निरीश्वरवादी जाहीर केला होता. मशिदी, ऑर्थोडॉक्स चर्च, कॅथलिक चर्च, सगळ्यांना कुलपं लागली. श्कोदरच्या कॅथेड्रलचं क्रीडागृह झालं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका वृद्ध धर्मगुरूला, त्याने एका मुलाला बाप्तिस्मा दिला म्हणून, गोळ्या घातल्या गेल्या. डायस पोचले तेव्हा तिथे सांभाळायला संस्था नव्हतीच. तुरुंगातून सुटलेले मूठभर म्हातारे धर्मगुरू होते आणि प्रार्थना विसरलेली, किंवा कधीच न शिकलेली माणसं होती. राजदूताचं काम सरकारशी बोलण्याचं. पण डायस यांच्याकडे दक्षिण अल्बानियाच्या कॅथलिकांचा प्रत्यक्ष कारभारही आला, आणि १९९२ ते १९९६ त्यांनी तो पाहिला. २५ एप्रिल १९९३ ला दुसरे जॉन पॉल श्कोदरला आले आणि त्याच कॅथेड्रलमध्ये चार अल्बानियन धर्मगुरूंना बिशपपदाची दीक्षा दिली. हे चारही जण तिथली भाषा बोलणारे. पुढच्या वर्षी कित्येक दशकं कैदेत आणि सक्तमजुरीत काढलेले मिकेल कोलिकी कार्डिनल झाले. बहुसंख्य मुस्लिम परंपरेच्या देशात एक छोटा, चिरडलेला समाज स्वतःच्या माणसांच्या हाती परत देणं, हे डायस यांच्या डोळ्यांसमोर आणि बऱ्याच अंशी त्यांच्या हातून घडलं. त्यांच्या चरित्रातलं हे सर्वांत सुंदर पान आहे असं मी मानतो.

आणि मग ८ नोव्हेंबर १९९६. सायमन पिमेंटा निवृत्त झाले आणि रोमने डायस यांना मुंबईचे आर्चबिशप नेमलं. मार्च १९९७ मध्ये त्यांनी सूत्रं घेतली. १९६१ ते १९९७, छत्तीस वर्षं हा माणूस मुंबईच्या बाहेर होता. ही नेमणूक करताना अल्बानियात जे शहाणपण दाखवलं, तेच रोमने इथे का विसरावं?

पिमेंटा मरोळचे, ईस्ट इंडियन. म्हणजे इथल्या मातीतले, मराठी घरात आणि चर्चमध्ये दोन्हीकडे असलेल्या समाजातले. त्यांच्या हाताखाली १९९० पासून सहायक बिशप होते थॉमस डाबरे, वसईच्या भुईगावचे, तुकारामांच्या ईश्वरानुभवावर डॉक्टरेट केलेले. तुकोबांवर प्रबंध लिहिलेला बिशप मुंबईच्याच घरात बसलेला असताना मुंबईच्या गादीसाठी तिराना शोधावं लागलं. दीड वर्षाने, मे १९९८ मध्ये, मुंबईतून वसईचा वेगळा धर्मप्रांत काढला आणि डाबरे तिथले पहिले बिशप झाले. वसईचं भलं झालं, यात शंका नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि ‘सुवार्ता’ यांनी ज्या मराठी ख्रिस्ती वाचकाला घडवलं, त्याला आपला बिशप मिळाला. पण मुंबई महाधर्मप्रांतातलं मराठीचं सर्वांत मोठं बळ त्याच दिवशी कागदोपत्री बाहेर गेलं, आणि उरलेल्या ठाण्या-रायगडातल्या मराठी ख्रिस्ती माणसाचं वजन अर्धं झालं. हा निर्णय डायस यांचा नव्हता, पोपचा होता. ते पाहत होते, एवढं मात्र म्हणता येईल.

आता गाडी कल्याणच्या पुढे नेऊ. उल्हासनगर म्हणजे कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथे वसवलं आणि १९४९ मध्ये हे नाव दिलं. (भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांचा जन्म १९०० सालचा, कराचीचा. मुंबईचे आर्चबिशप म्हणून त्यांच्या प्रांतात ही छावणी होती, जिथे त्यांच्या जन्मगावची माणसं बराकीत राहत होती. या योगायोगावर कुणी काही लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.) अंबरनाथला काड्यापेट्यांचा आणि दारूगोळ्याचा कारखाना आला, त्यामागे देशभरातले कामगार आले. बदलापूर २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाखांच्या जवळ पोचलं. डायस यांची नऊ वर्षं बरोबर या वाढीतली. मुंबईत घर न परवडणारी माणसं इकडे सरकत होती, आणि त्यांत ख्रिस्ती माणसंही होती: मंगळुरी, गोवेकर, तमिळ, मल्याळी, मराठवाड्यातून आलेली. एका घरात तीन भाषा, मुलं शाळेत चौथी शिकतात, रस्त्यावरची पाचवी.

या पट्ट्याबद्दल रोमने विचार केलाच नाही असंही नाही. ३० एप्रिल १९८८ ला मुंबई-पुणे-नाशिक भागातल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला. केरळहून आलेल्या नर्सला, टेक्निशियनला आपल्या भाषेत, आपल्या विधीने उपासना करता यावी म्हणून. कल्याण हे नावही अर्थपूर्ण आहे: सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस कल्लियाना बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद करून गेला आहे, आणि ते बंदर म्हणजे आपलं कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात. बाहेरून नेमलेला बिशप ही प्रथा इथे किती जुनी, ते यावरून कळावं. तर मल्याळी माणसासाठी रोमने वेगळी व्यवस्था केली, वसईच्या मराठी माणसासाठीही केली. मधला जो उरला, बदलापूरच्या चाळीतला मराठी किंवा हिंदी बोलणारा लॅटिन-विधीचा कॅथलिक, त्याचा मेंढपाळ मुंबईत होता, आणि त्या मेंढपाळाची सगळी हयात सरकारांशी बोलण्यात गेली होती.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: चर्च वैश्विक आहे, बिशप कुठलाही चालतो, आणि डायस तर वांद्र्याचेच होते. अल्बानियात बाहेरचा माणूस चालला ना? चालला, आणि म्हणूनच माझी तक्रार अधिक आहे. तिथे त्यांच्याकडून अपेक्षा होती की स्थानिक माणसं उभी करा आणि निघा. इथे रोमला त्यांच्याकडून काय हवं होतं, ते पुढच्या घटनांवरून दिसतं. भारतीय आणि आशियाई धर्मशास्त्रज्ञांचा इतर धर्मांशी चाललेला संवाद रोमला खुपत होता. २००० साली ‘दोमिनुस येसुस’ हा दस्तऐवज आला, त्याने इतर धर्मांच्या अनुयायांची स्थिती उणी ठरवली. त्या वादात डायस रोमच्या बाजूने ठाम उभे राहिले. हा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता, यात मला संशय नाही. पण दत्तमंदिर आणि चर्च यांच्यामध्ये एक पानपट्टी असलेल्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला तो दस्तऐवज शेजाऱ्याला समजावून सांगायचा असतो. ते काम डाबऱ्यांसारख्या माणसाला जमलं असतं, कारण त्यांच्या हातात तुकोबा होते.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. ‘व्हॅटिकनचा एजंट’ हा शब्द आपल्याकडे ख्रिस्ती माणसाला सहज फेकून मारतात. घर भाड्याने देताना, दफनभूमीची जागा मागताना, शाळेच्या प्रवेशावरून भांडताना. तो शब्द वापरणारे बहुतेक अडाणीपणाने किंवा दुष्टपणाने वापरतात. भारताचे व्हॅटिकनशी १९४८ पासून राजनैतिक संबंध आहेत आणि तिथल्या राजदूतसेवेत एखादा भारतीय असणं हा गुन्हा नाही. पण अंबरनाथच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या ख्रिस्ती कामगाराला हे उत्तर दरवेळी स्वतःच द्यावं लागतं, मराठीत, एकट्याने. त्याच्या वतीने तेच मराठीत, याच मातीतून आलेल्या अधिकाराने बोलणारा आर्चबिशप त्याला मिळायला हवा होता. मिळाला तो खरोखरच एका परकीय राज्याचा माजी राजदूत. यात डायस यांचा दोष शून्य. नेमणारा, पृथ्वीच्या नकाशाकडे बघणारा, बदलापूरचा नकाशा बघत नव्हता.

फेब्रुवारी २००१ मध्ये ते कार्डिनल झाले. मे २००६ मध्ये सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना रोमला बोलावून धर्मप्रसाराच्या खात्याचं प्रमुखपद दिलं. १६२२ साली स्थापन झालेलं हे खातं २०२२ पर्यंत आफ्रिका-आशियातले हजारांहून अधिक धर्मप्रांत बघत होतं. त्याच्या प्रमुखाला ‘लाल पोप’ म्हणत. मराठी अभिमान इथे शिगेला पोचतो. मला मात्र या बढतीत मुंबईची किंमत दिसते. आठ-नऊ वर्षांचा मुक्काम, मग पुढचं ठाणं. वसईहून, मरोळहून आलेल्या माणसाला मुंबईची गादी हे आयुष्याचं टोक वाटलं असतं, आणि तो तिथेच म्हातारा झाला असता. पिमेंटा झालेच; २०१३ मध्ये ते गेले तेव्हा ते मुंबईकरच होते.

२००८ साली लंबेथ परिषदेत, जगभरच्या अँग्लिकन बिशपांसमोर, डायस यांनी आपला भूतकाळ विसरणाऱ्या चर्चला अल्झायमर झालेल्या रुग्णाची उपमा दिली होती. उपमा झणझणीत आहे. तेव्हा ते लाल पोप होते आणि त्यांच्या टेबलावर जगभरच्या बिशपांच्या नेमणुकांच्या फायली येत. त्यांतल्या प्रत्येक फाइलीत उमेदवाराला किती भाषा येतात ते लिहिलेलं असणार. त्याच्या धर्मप्रांताच्या शेवटच्या स्टेशनावर रविवारी सकाळी लोक कुठल्या भाषेत भांडतात, हा रकाना त्या फाइलीत ठेवायला हवा.