ओळख मेणाची

मधपाळाला दोन वसाहती एक करायच्या असल्या की तो वर्तमानपत्राचं एक पान घेतो. संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर सशक्त वसाहतीच्या पेटीचं झाकण काढतो, तिच्यावर ते पान पसरतो, त्याला टाचणीने चार भोकं पाडतो आणि वर राणी नसलेल्या दुबळ्या वसाहतीची पेटी ठेवून देतो. दोन-तीन दिवसांत माश्या कागद कुरतडून टाकतात. कागदाचा चुरा दारात येऊन पडतो. तोवर वरच्या आणि खालच्या माश्या एका घरच्या होऊन कामाला लागलेल्या असतात. हेच कागद न घालता केलं, तर सकाळी दारात मेलेल्या माश्यांचा खच दिसतो.

या दोन-तीन दिवसांत काय बदललं? वरच्या माश्यांची आई बदलली नाही. खालच्या राणीशी त्यांचं काल नातं नव्हतं, आजही नाही. भोकांमधून फक्त वास मिसळला. तेवढ्यावर परकी माशी घरची झाली.

आपल्याकडे मुंग्या-मधमाश्यांचा दाखला फार सहज दिला जातो. एवढासा जीवसुद्धा आपलं-परकं ओळखतो, रक्त रक्ताला ओळखतं, हा निसर्गाचाच नियम आहे, असं सांगितलं जातं. यातला पहिला भाग खरा आहे. पेटीच्या दारातली पहारेकरी माशी येणाऱ्या माशीला मिशांनी चाचपते. परकी वाटली तर पाय-पंख धरून ओढते, प्रसंगी डंख मारते. पण मग मध्येच हे रक्त कुठून आलं? एका पेटीतल्या माश्याही सगळ्या सख्ख्या बहिणी नसतात. राणीचं मिलन बहुधा दहा-वीस नरांशी झालेलं असतं. आई एक, बाप अनेक. दारातली माशी बापाचं नाव विचारत नाही.

नुसता वास मिसळला, असं वर म्हटलं. ते अपुरं आहे. फ्रान्सिस रॅटनिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग त्यापुढे जातो. त्यांनी एका पेटीतलं मेणाचं पोळं काढून दुसरीत ठेवलं. दुसरीतून पहिलीत मात्र काही नेलं नाही. त्याआधी दुसऱ्या पेटीच्या दारात पहिल्या पेटीतल्या ७० टक्के माश्या अडवल्या जात होत्या. पोळं आल्यावर हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आलं. उलट बाजूला, म्हणजे पोळं देणाऱ्या पेटीच्या दारात, पहारा सैल झाला नाही.

हे उलट बाजूचं उत्तर महत्त्वाचं आहे. आयत्या मेणाने माश्यांच्या अंगाचा वास बदलला असता, तर पोळं घेणाऱ्या पेटीतल्या माश्यांना देणाऱ्या पेटीत अधिक सहज शिरता यायला हवं होतं. तसं झालं नाही. म्हणजे बदल येणाऱ्या माशीत झाला नव्हता. बदलली होती ती पहारेकरी माशीच्या लेखी असलेली घराच्या वासाची खूण. नवं मेण घरात आलं, त्याचा वास घरचा म्हणून तिच्या अंगवळणी पडला आणि त्या वासाची माशी तिला घरची वाटू लागली. आलेली माशी कालचीच होती. तिने वेगळं काहीच केलेलं नव्हतं. काल तिला ओढून बाहेर काढलं गेलं असतं, ते तिच्यात काही खोट होती म्हणून नव्हे.

वासात वंशाचा वाटा मुळीच नसतो, असा दावा कोणी करत नाही. पण ओळखण्याची रीत घरात शिकलेली असते, आणि हे फक्त मधमाश्यांपुरतं नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या आपल्याकडच्या गांधीलमाशीवर हेच तपासलं होतं. कोषातून बाहेर पडताच ज्या माश्यांना पोळ्यापासून आणि पोळ्यातल्या सोबतिणींपासून दूर ठेवलं, त्यांना पुढे आपल्या घरची कोण आणि परकी कोण, यात फरक करता आला नाही. पोळ्याचा आणि सोबतिणींचा सहवास ज्यांना मिळाला होता, त्यांना तो करता आला. अंगावरची खूणही बाहेरून आलेली आणि ती वाचायची समजही बाहेरून आलेली. जन्माबरोबर ओळख आली असती, तर एकटं ठेवल्याने ती हरवली नसती.

रक्ताचा दाखला देणाऱ्यांनी वर्षभर एका पेटीचं दार पाहावं. फुलोरा भरात असतो, मकरंदाला तोटा नसतो, तेव्हा पहाऱ्यावर माश्या थोड्या असतात. परक्या माश्याही पुष्कळदा आत शिरून जातात. फुलं संपली, दुसऱ्या पेट्यांमधून मधाची चोरी सुरू झाली, की पहारा वाढतो आणि पारख कडक होते. इतकी कडक, की परक्यांबरोबर आपल्याही अडवल्या जातात. टंचाईच्या दिवसांत दारातून हुसकावल्या जाणाऱ्या माश्यांमध्ये काही त्याच पेटीतल्या असतात, त्याच राणीच्या पोटच्या.