संगणकाची पदवी मिळाली, पुढे काय?

काही दिवसांपूर्वी आमच्या कार्यालयात एक मुलगा आणि त्याचे वडील आले. वडील हमाली करतात. मुलाने एका खासगी महाविद्यालयातून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली. शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता जमा झाला नाही, म्हणून महाविद्यालयाने त्याची टीसी आणि बारावीची मूळ गुणपत्रिका अडवून ठेवली होती. मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्यास यूजीसीने २०१८ मध्येच मनाई केली आहे. आम्ही नोटीस पाठवली, आठ दिवसांत कागद मिळाले. पण कागद हातात घेऊन मुलगा म्हणाला, ‘साहेब, कॅम्पसला मला बसूच दिलं नाही. कंपन्यांना सगळीकडे साठ टक्के पाहिजेत, मला दहावीला अठ्ठावन्न होते.’ त्यावर कोणती नोटीस पाठवायची?

हा प्रश्न एकट्या मुलाचा नाही. बाबासाहेबांच्या घटनेने आपल्या मुलांना महाविद्यालयाच्या दारापर्यंत आणले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इनामदार खटल्यात विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही असे म्हटले, तेव्हा हे दार बंद होण्याची वेळ आली होती. त्यावर संसदेने ९३वी घटनादुरुस्ती करून कलम १५(५) आणले आणि महाराष्ट्राने २००६ मध्ये खासगी व्यावसायिक महाविद्यालयांतील आरक्षणाचा कायदा केला. २०१४ मध्ये न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. हा लढा झाला नसता, तर हमालाचा मुलगा संगणक अभियंता झाला नसता.

पण हे आरक्षण प्रवेशापुरते आहे. सॉफ्टवेअरच्या बहुतेक नोकऱ्या खासगी क्षेत्रात आहेत आणि तिथे जातीच्या आधारे आरक्षण देणारा कायदा नाही. २००४ मध्ये केंद्रातील आघाडी सरकारने किमान समान कार्यक्रमात यावर चर्चेचे आश्वासन दिले. चर्चा झाली, कायदा झाला नाही. कंपन्या म्हणतात, आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गुणवत्तेलाही आडनाव दिसते, हेच त्यातून सिद्ध झाले.

आता दुसरी बाजू. ती समाजाला सांगणे आमचे कर्तव्य आहे, मग कोणाला राग आला तरी चालेल. चार वर्षांत आपली मुले काय शिकतात? सी, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस हे विषय अभ्यासक्रमात आहेत. पण अनेक महाविद्यालयांत प्रॅक्टिकलची जर्नल मित्राची पाहून उतरवली जाते, प्रोग्राम पाठ करून परीक्षेत लिहिला जातो आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दुकानातून विकत आणला जातो. ज्याच्या घरी संगणक आहे, भाऊ-काका कंपनीत आहेत, तो हे नुकसान घरी भरून काढतो. ज्याच्या घरी पहिलीच पदवी येते, त्याला कोण सांगणार? आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने साधा प्रोग्राम काही क्षणांत लिहून देतात. पाठांतरावर पास झालेल्याची किंमत त्यामुळे आणखी घसरणार. लिहिलेला प्रोग्राम का चुकला हे जो सांगू शकेल, तोच टिकेल.

म्हणून लढाई दोन आघाड्यांवर करावी लागेल. पहिली रस्त्यावर आणि न्यायालयात. शिष्यवृत्ती वेळेवर मिळालीच पाहिजे. २०२० च्या निर्णयाने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा साठ आणि राज्याचा चाळीस टक्के ठरला. राज्याने आपला वाटा सोडल्याशिवाय केंद्राचे पैसे येत नाहीत आणि या उशिराचा तगादा मात्र मुलामागे लागतो. खासगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणीही आपण सोडता कामा नये.

दुसरी आघाडी आपल्या वस्तीतली आहे. प्रोग्रामिंग शिकायला फार पैसा लागत नाही. लिनक्स फुकट आहे, पायथॉन फुकट आहे. एक जुना लॅपटॉपही सुरुवातीला पुरतो. आपल्या समाजातले शेकडो अभियंते पुणे, मुंबई, बंगळुरूला नोकरी करतात. जयंतीला ते वर्गणी देतात, ती जरूर द्यावी. पण रविवारचे दोन तास विहारात बसून पहिल्या वर्षाच्या मुलांची गणिते आणि प्रोग्राम का तपासू नयेत? मुलाखतीची तयारी का करून घेऊ नये? बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, ती काय नुसते दाखले वाटायला?

त्या हमालाच्या मुलाला आम्ही एका ओळखीच्या अभियंत्याकडे पाठवले आहे. दर रविवारी तो जातो. पण जिल्ह्याजिल्ह्यात अशी किती मुले दाखला घेऊन घरी बसली असतील? त्यांची यादी प्रत्येक विहार समितीने याच महिन्यात करावी. जयभीम!