बरेच दिवस उभी असलेली मोटार

घरी मोटार असली तरी ती रोज बाहेर निघतेच असे नाही. सुटीत मंडळी गावी जातात, कोणाची दूर बदली होते, कोठे वृद्ध मातापित्यांच्या दाराशी ती महिनामहिना उभी असते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा असंख्य गाड्या कित्येक आठवडे जागच्या हलल्या नाहीत. अशी गाडी नेमकी गरजेच्या वेळी सुरू होत नाही. रात्री-अपरात्री कोणाला इस्पितळात न्यायचे असेल, तर गाडीच्या खटपटीत एक क्षणही न दवडता ११२ या क्रमांकावर मदत मागवावी हेच श्रेयस्कर. परंतु एरवी, वाचकहो, थोडे शांतपणे पाहिले व ऐकले, तर निम्मे निदान घरच्या घरी होऊ शकते. पेट्रोल व डिझेलच्या साध्या गाड्यांविषयी येथे सांगत आहोत.

किल्ली फिरविण्यापूर्वी गाडीच्या खाली व बॉनेटच्या आत एकवार नजर टाकावी. उभ्या गाडीत उंदीर घर करतात आणि तारा कुरतडतात. पेट्रोलचा वास येत असेल किंवा जमिनीवर ओघळ दिसत असेल, तर किल्लीला हातच लावू नये, मेकॅनिकला बोलवावे.

सर्व ठीक दिसले, तर दिवे लावून किल्ली फिरवावी आणि कान देऊन ऐकावे. चारपैकी एक प्रकार आढळेल.

पहिला : दिवे लागत नाहीत, आवाजही नाही. बॅटरी पूर्ण उतरली आहे, किंवा तिच्या टोकांवरील जोड सैल झाले आहेत वा त्यांवर पांढरी-हिरवी पूड साचली आहे. 

दुसरा : भराभर कट-कट असा आवाज येतो आणि दिवे मंदावतात. बॅटरीत थोडी शक्ती उरली आहे, पण इंजिन फिरविण्याइतकी नाही. उभ्या गाडीच्या बाबतीत बहुधा हाच प्रकार आढळतो.

तिसरा : एकदाच ‘खट्’ होते, दिवे मात्र प्रखर राहतात. येथे संशय स्टार्टरवर किंवा त्याच्या तारांवर घ्यावा.

चौथा : इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेट घेत नाही. म्हणजे बॅटरी निर्दोष आहे; दोष इंधनात किंवा ठिणगीत शोधावा. पेट्रोलच्या बहुतेक आधुनिक गाड्यांत किल्ली अर्धी फिरविताच टाकीच्या बाजूने पंपाची क्षणभर घरघर ऐकू येते. ती आली नाही, तर पंपाचा फ्यूज पाहावा. पेट्रोल कित्येक महिने पडून राहिल्यास त्यातील चटकन पेटणारा अंश उडून जातो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावाही ओढून घेते.

गाडी उभी असताना बॅटरी का उतरावी, असा प्रश्न साहजिकच पडेल. घड्याळ, धोक्याची घंटा, गाडीतील संगणक ही मंडळी रात्रंदिवस थोडी थोडी वीज घेत असतात. हा खर्च ४० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास होतो. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर महिनाभरात ती रिकामी होणारच. शिवाय उष्णतेने बॅटरी आपोआपही लवकर उतरते, आणि थंडीत तिची शक्ती कमी पडते. पूर्ण भरलेल्या, विसावलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, आणि १२ च्या खाली गेल्यास ती उतरलीच समजावी. साधा मल्टिमीटर हे दाखवितो.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घ्यावयाची असल्यास क्रम चुकवू नये. आधी आपल्या गाडीची माहितीपुस्तिका पाहावी. सर्वसाधारण रीत अशी : लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकास जोडावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास जोडून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. शेवटच्या जोडणीची ठिणगी त्याच्याजवळ पडू नये, हा यातील हेतू. काढताना क्रम उलटा ठेवावा. फुगलेल्या, तडकलेल्या बॅटरीवर हा प्रयोग कदापि करू नये.

स्टार्टर एका वेळी १० सेकंदांहून अधिक चालवू नये, आणि दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर थांबावे. नाहीतर तो तापून एकाच्या दोन दुरुस्त्या होतात. ऑटोमॅटिक गिअरची गाडी ढकलून सुरू करू पाहू नये. इंजिन सुरू झाले की गाडी ताबडतोब उघड्यावर काढावी. बंद गॅरेजमध्ये साचणाऱ्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तो प्राणघातक ठरतो. निघण्यापूर्वी हळूहळू चालवून ब्रेक तपासावेत, कारण ते गंजून चिकटलेले असू शकतात.

यापुढे आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवून आणावी. जागेवर पाच मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने बॅटरी फारशी भरत नाही. महिनाभर परगावी जाणार असाल, तर पुस्तिका पाहून बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवावे.

एवढे करूनही मेकॅनिकला बोलवावे लागले, तर ‘गाडी बंद आहे’ एवढेच सांगू नये. गाडी किती दिवस उभी होती, आवाज कोणता आला, दिव्यांचे काय झाले, हे नीट सांगावे. त्याचा शोध सोपा होतो, आणि केवळ भरून घेण्याजोग्या बॅटरीपायी नवा स्टार्टर विकत घेण्याची पाळी येत नाही.