जांगडावर मोटार

ज्या गावात हिऱ्याची पुडी डोळ्याला भिंग लावल्यावाचून कोणी घेत नाही, त्याच गावात पाच-सहा कोटींची मोटार फोनवरच्या चित्रावर भाळून मागवली जाते, हा प्रकार सुरतेत राहावयास आल्यापासून मला दोन-तीनदा पाहावयास मिळाला. मी पडलो संगीताचा शिक्षक. मोटारीतले मला काय कळणार, असे कोणी म्हणेल. यंत्रातले फारसे कळत नाही, हे खरेच. पण मोलाची वस्तू घेण्यापूर्वी ती हाताळून पाहावी की नाही, हा प्रश्न निव्वळ यंत्राचा नाही. त्यात आमच्या धंद्यालाही चार शब्द बोलण्याचा अधिकार आहे; आणि माझे एक विद्यार्थी सध्या नेमके याच पेचात असल्यामुळे तो अधिकार मी येथे बजावीत आहे.

हे गृहस्थ हिऱ्याचे व्यापारी. आठवड्यातून दोन संध्याकाळी माझ्याकडे पेटी शिकावयास येतात. मोटार ही सुरतेत आता नवलाईची चीज राहिलेली नाही. येथल्या एका पेढीने २०१६ च्या दिवाळीत आपल्या माणसांना साडेबाराशेहून अधिक मोटारी वाटल्या होत्या. तेव्हा धन्याला त्याहून वेगळे काही हवे, हे ओघानेच आले. आमच्या शेठजींच्या मनात इटलीची लांबोर्गिनी भरली आहे. बयाण्याचा धनादेश लिहून तयार आहे, सही तेवढी राहिली आहे. मी विचारले, "चालवून पाहिलीत का?" ते हसून म्हणाले, "मास्तर, एवढ्या नावाची गाडी. तिला काय तपासायचे?"

त्यांच्या बोलण्यात तथ्य अगदीच नाही असे नव्हे. अशा गाड्यांचे दुकान सुरतेत नाही, मुंबई गाठावी लागते. दुकानात दाखवावयास ठेवलेली गाडी आणि आपल्यासाठी रंग, चामडे, चाके निवडून घडवलेली गाडी एक नसते. शिवाय अर्ध्या तासाच्या फेरीत, शेजारी विक्रेता बसलेला असताना, माणसाला कळते ते काय? हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. माझे वडील दरबारी गवई होते; मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. ते नेहमी सांगत की गवयाची पारख एका बैठकीवर करू नये. रात्री भरल्या दरबारात मालकंस रंगवणारा माणूस सकाळी भैरवात कसा उतरतो, सर्दी झाली असता कसा गातो, साथीदार चुकला तर काय करतो, हे पाहिल्याखेरीज मत देऊ नये. पण एवढ्यावरून गवयाला न ऐकताच चाकरीला ठेवावे, असे ते कधी म्हणाले नाहीत. एक बैठक पुरत नाही, म्हणून अधिक बैठका घ्याव्यात.

न पाहता मोटार मागवण्याला राजेशाही आधार आहे, असेही शेठजींनी मला ऐकवले. ते खरे आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील ड्युसेनबर्ग कंपनीची एसजे गाडी बनवून घेतली. सांगाडा आणि इंजिन इंडियानापोलिसचे, वरचा देह लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याचा. एका रांगेत आठ सिलिंडर, त्यांत जोराने हवा कोंबणारा सुपरचार्जर, ताकद तीनशे वीस अश्वशक्तीच्या घरात; त्याच काळी फोर्डची प्रसिद्ध व्ही-एट गाडी पंच्याऐंशीवर समाधान मानीत होती. आता ही गाडी महाराजांनी आधी चालवून पाहावी कशी? ती जन्मालाच आली नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा जो मेळा भरला होता, तो ज्या वाचकांनी पाहिला असेल त्यांना अशा एकेकट्या घडवलेल्या गाड्यांचा डौल निराळा सांगावयास नको.

परंतु राजाचे उदाहरण सावकाराने घेताना जरा सबुरीने घ्यावे. राजासाठी गाडी बेतली जात असे, शिंपी अंगरखा बेततो तशी. ती मनास न आली तर दुसरी दारात उभीच असे. बिघडली तर पदरी कारागीर असे. आणि रस्ते म्हणाल तर तेही त्याच्याच संस्थानातले. आमच्या शेठजींना यांतले काय उपलब्ध आहे? परदेशातून तयार येणाऱ्या मोठ्या किमतीच्या गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानेही मूळ शुल्क आणि अधिभार मिळून एकशे दहा टक्क्यांचा बोजा कायम ठेवला. म्हणजे पश्चात्तापही दुपटीच्या वर भावाने विकत घ्यावयाचा.

आणि येथे एक गंमत आहे, ती आमच्या विद्येतली असल्यामुळे जरा विस्ताराने सांगतो. शेठजी ज्यावर भाळले तो आवाज हुराकान या गाडीचा. ही गाडी २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे निघाली. तिला दहा सिलिंडर. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे दहा सिलिंडरांत दर फेऱ्याला सरासरी पाच ठिणग्या. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असता सेकंदाला १२५ ठोके पडतात. ३००० वर २५०, ६००० वर ५००. पेटी जवळ असेल तर पांढरी सातची पट्टी धरून पाहा: मंद्र, मध्य आणि तार अशा तीन सप्तकांतला जवळजवळ तोच षड्ज मिळेल. त्यात इतर अनेक सूर मिसळलेले असतात, पण कणा हा. शेठजींचा कान तयार होऊ लागला आहे, म्हणूनच त्यांना तो आवाज भावला. यात मला शिक्षक म्हणून आनंदच आहे.

पण ते जी गाडी मागवणार ती हुराकान नव्हे. तिच्या जागी कंपनीने २०२४ साली तेमेरारिओ आणली. भारतात ती २०२५ च्या एप्रिलमध्ये सुमारे सहा कोटी रुपये किमतीला दाखल झाली. तिला सिलिंडर आठ, जोडीला दोन टर्बो आणि विजेच्या तीन मोटारी. ताकद नऊशे अश्वशक्तीच्या वर, आणि इंजिन मिनिटाला दहा हजार फेऱ्यांपर्यंत चढते. गुणांत ती थोरलीच म्हणा. पण आठ सिलिंडरांत दर फेऱ्याला ठिणग्या चार. त्याच ३००० फेऱ्यांवर सेकंदाला ठोके पडतील २००. अडीचशेला दोनशे, म्हणजे पाचाला चार. आमच्या भाषेत जुन्या गाडीचा सूर नव्या गाडीच्या षड्जावर शुद्ध गंधार लागतो. एका अंगाने पाहिले तर हा संवाद मोठा गोड आहे, पण ज्याने गंधारासाठी पैसे मोजले त्याच्या पदरात षड्ज पडणार! शिवाय टर्बोमधून जाणारा धूर आपला आवाज तेथे थोडाबहुत ठेवून बाहेर पडतो. नवी गाडी त्यांना आवडणार नाही असे मी म्हणत नाही. कदाचित अधिक आवडेल. ती त्यांनी ऐकलेलीच नाही, एवढेच माझे म्हणणे.

नावावर भरवसा ठेवणे हे आमच्याकडेही चालते. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गावच्या कारागिरांचा तो रास्त सन्मान झाला. पण म्हणून मिरजेस जाऊन पहिला दिसेल तो तंबोरा कोणी काखोटीस मारीत नाही. माझे वडील दुकानात मांडी घालून बसत, पंखा बंद करावयास लावीत, जवारी लागली की डोळे मिटून बराच वेळ नुसता खर्ज छेडीत. त्याच कारागिराचे, त्याच लाकडाचे दोन तंबोरे सारखे बोलत नाहीत. मानांकन गावाचे असते. वाजवावयाचा असतो तो हातातला तंबोरा.

कायदाही या बाबतीत वाटतो त्याहून मार्मिक आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमाने, नेहमीच्या व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य असलाच पाहिजे, अशी अध्याहृत अट घातली आहे. परंतु गिऱ्हाईकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांबद्दल मागाहून ही अट पुढे करता येत नाही. याचा मथितार्थ असा की, लग्नाच्या मुलीला पाहिल्यासारखी लाजत-मुरडत केलेली पाच मिनिटांची फेरी ही धड तपासणीही नव्हे आणि अज्ञानही नव्हे. तपासावयाचे तर नीट तपासावे.

नीट म्हणजे कोठे? विक्रेता नेईल त्या गुळगुळीत हमरस्त्यावर नव्हे. गाडी जेथे नांदावयाची तेथे. आपल्या रस्तेशास्त्राच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा लागतो. आमच्या सोसायट्यांच्या दारांतले गतिरोधक मानक वाचून बांधलेले नाहीत, हे वाचकांस ठाऊक आहे. या जातीच्या गाड्यांचे पोट जमिनीपासून चार-पाच इंचांवर. पुढचे नाक उचलून धरण्याची कळ त्यांत मिळते खरी, पण ती दर पन्नास पावलांवर दाबीत जाणे कोणाला मानवते, कोणाला नाही. मे महिन्यात वराछाच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने सरकते तेव्हा इंजिनाची धग पाठीला लागते की नाही? वेसूच्या इमारतीतल्या तळघराच्या उतारावर तिचे नाक घासते का? दोन मोटारींच्या मध्ये उभी केली तर दार उघडून पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला बाहेर पडता येते का? या प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या पुस्तिकेत नाहीत.

विक्रेत्याचीही बाजू आहे. येणारा प्रत्येक जण घेणारा नसतो; पुष्कळसे हौसेने पाहावयास, मित्रांना दाखवण्यापुरते बसावयास येतात. दाखवण्याच्या गाडीवर चढलेला प्रत्येक किलोमीटर तिची किंमत उतरवतो. आणि अनोळखी माणसाच्या हाती एवढी ताकद द्यावयाची म्हणजे जिवाशी गाठ. ही भीती मी थट्टेवारी नेणार नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीच्या धडकेने दोन तरुण अभियंते ठार झाले. सतरा वर्षांचा मुलगा ती चालवीत होता, असा आरोप आहे. गाडीची नोंदणी पुरी झालेली नव्हती. भरावयाचे राहिलेले शुल्क होते १७५८ रुपये. त्याच्या आदल्या वर्षी २० जुलै २०२३ रोजी अहमदाबादेत इस्कॉन पुलावर जमलेल्या लोकांत एक जग्वार शिरली आणि नऊ माणसे गेली. डुमसच्या रस्त्यावर संध्याकाळी बायकामुले फिरावयास आणि भजी खावयास जातात. तेथे नऊशे अश्वशक्ती घेऊन जाणाऱ्या माणसाने ती आपल्या पायाखाली कशी वागते, हे जाणकार शेजारी बसवून आधी शिकलेले असावे की नंतर? ज्याला पहिल्या दिवशी चालवावयास देण्याची विक्रेत्याला धास्ती वाटते, त्यालाच पैसे मिळताच दुसऱ्या दिवशी किल्ली देण्याची वाटत नाही, हे कोडे मला उलगडलेले नाही.

यावर तोड सुरतेच्याच बाजारात आहे. महिधरपुऱ्यात हिऱ्याची पुडी दलालाच्या हाती जांगडावर दिली जाते. चिठ्ठीवर वजन, भाव आणि नाव लिहितात. माल पसंत पडला तर सौदा, नाही तर पुडी परत. जांगड म्हणजे विक्री नव्हे, तसे दानही नव्हे. त्याच १९३० च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमात पसंतीवर दिलेल्या मालाची सोय आहेच. मोटारीचे १९८९ चे केंद्रीय नियम झाले, त्यांतही विक्रेत्याच्या व्यापारी परवान्यावर गाडी कोणत्या कामांसाठी रस्त्यावर आणता येईल हे सांगताना, घेऊ इच्छिणाऱ्यासाठी वाजवी चाचणी आणि तो जेथे गाडी ठेवणार त्या जागेपर्यंत जाणे-येणे, हे काम स्पष्ट नमूद झाले. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईकाचे घर होते, हे मला विशेष वाटते.

तेव्हा शेठजींना मी सुचवले ते असे. धनादेशावर सही करावी, पण तो परतीच्या बोलीवर द्यावा आणि ती बोली कागदावर घ्यावी. विक्रेत्याने गाडी व आपला माणूस एक दिवस सुरतेस पाठवावा. जाण्यायेण्याचा आणि विम्याचा खर्च शेठजींनी सोसावा. सकाळी मोकळ्या रस्त्यावर विक्रेत्याच्या माणसाने चालवावी आणि यांनी शेजारी बसून शिकावे. संध्याकाळी सहा वाजता, बाजार सुटण्याच्या वेळी, वराछाहून रिंग रोडने उधना दरवाजा, मजुरा गेट, अठवा गेट करीत वेसूपर्यंत यांनी स्वतः न्यावी, आणि शेवटी तळघरात उतरवून पाहावी. गाणे लावू नये. विक्रेत्याला हे मान्य नसेल तर याच जातीची जुनी गाडी ज्याच्याकडे आहे असा स्नेही गाठावा. सुरतेत तो मिळणे कठीण नाही.

शेठजींनी हे ऐकून घेतले आणि मुंबईस फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी दोन दिवसांत कळवतो म्हणून सांगितले आहे. मात्र एका गोष्टीवर आमची चर्चा अजून चालू आहे. त्यांच्या घरी मातुःश्री आहेत, वय ऐंशीच्या पुढे, आणि नवी गाडी आली की पहिली फेरी त्यांना घेऊन अंबाजीच्या देवळापर्यंत, हा घरचा रिवाज. या गाडीत जागा दोनच, आणि बैठक जमिनीलगत. मातुःश्रींना त्यात बसवून पाहावयाचे ते चाचणीच्या दिवशी की मागाहून, हे शेठजींनी अद्याप ठरवलेले नाही. मी म्हणतो, सर्वांत आधी.